ल्हासा आणि आमचा दमसास

बासरी वाजवणाऱ्या माणसाने ल्हासाला जाऊ नये, आणि गेलाच तर तबलजीबरोबर जाऊ नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. तबलजीचे सारे भांडवल बोटांत असते. बासरीवाल्याचा प्रपंच मात्र श्वासावर चालतो, आणि ३,६५० मीटर उंचीवरच्या या शहरात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम ६५ टक्के भरतो. काठमांडूहून विमान दीडेक तासात आपल्याला तेथे आणून सोडते. फुप्फुसे मात्र मागून, बहुधा पायी, येत असावीत. हॉटेलात पोचल्यावर मी बुटाची नाडी सोडण्यासाठी वाकलो आणि एक बूट उतरवून दुसऱ्याकडे वळण्यापूर्वी पलंगावर बसून दम खाल्ला. "बुवा, आज फारच विलंबित चाललंय," असे म्हणून आमचे तबलजी भिंतीवर त्रितालाचा ठेका धरून मोकळे झाले.

परदेशी पाहुण्याला येथे परवाना आणि सोबत वाटाड्या घेतल्याखेरीज हिंडता येत नाही. आमचा वाटाड्या सज्जन होता. पहिल्या दिवशी आंघोळदेखील करू नका, असे त्याने बजावले, आणि आयुष्यात प्रथमच माझ्या आळसाला वैद्यकीय अधिष्ठान लाभले. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने आम्हाला पोताला प्रासादासमोर उभे केले. पाचव्या दलाई लामांनी १६४५ मध्ये बांधायला घेतलेली ही तेरा मजली, हजाराहून अधिक खोल्यांची वास्तू टेकडीवर चढवून ठेवली आहे, आणि आत फिरायला वेळ मोजून दिलेला असल्यामुळे पायऱ्यांवर बसून इतिहासाचे चिंतन करण्याची सोय नाही. मी कठड्याला धरून शिल्पाचे निरीक्षण करण्याचा बहाणा करीत असताना हातातले प्रार्थनाचक्र फिरवत एक आजीबाई मला मागे टाकून गेल्या. त्या पुढे गेल्याचे दुःख नव्हते. चढता चढता त्या अखंड मंत्र म्हणत होत्या, हे एका सुषिरवादकाला, म्हणजे फुंकून वाद्य वाजवणाऱ्याला, सहन होण्यासारखे नव्हते. हजारो वर्षांच्या वास्तव्याने विरळ हवेशी जुळवून घेण्याची सोय तिबेटी माणसाच्या रक्तातच झाली आहे, ही शास्त्रीय माहिती वाटाड्याने नंतर पुरवली, पण तोवर अब्रू जायची ती गेली होती.

उरलीसुरली एका मठात गेली. तेथे पंधरा-सोळा वर्षांचा एक भिक्षू ग्यालिंग नावाचे, आपल्या सनईच्या कुळातले वाद्य वाजवीत होता. गालात हवा साठवून ती वाद्यात सोडत असतानाच तो नाकाने नवा श्वास घेई, त्यामुळे सूर कोठेही तुटत नव्हता. मी त्याच्या गालांकडे टक लावून पाहत होतो आणि तबलजी माझ्याकडे.

लोणी-मिठाचा चहा ही आणखी एक परीक्षा. तो वाईट नसतो, फक्त त्याला चहा समजून तोंडाला लावू नये. पातळ सार समजून प्यावे. अडचण अशी की, पेला घोटभर रिकामा होताच यजमान तो पुन्हा काठोकाठ भरतात, आणि नको म्हणायलाही श्वास लागतो.

कार्यक्रम हॉटेलच्या सभागृहात संध्याकाळी सातचा ठरला होता. सगळ्या चीनचे घड्याळ बीजिंगप्रमाणे चालत असल्याने ल्हासाचा सूर्य त्या वेळेपेक्षा सुमारे दोन तास मागे असतो. सात वाजले होते आणि खिडकीतून लख्ख ऊन आत येत होते. संध्याकाळचा राग यमन वाजवावा की दुपारचा भीमपलासी, हा वाद आम्ही विंगेत दबक्या आवाजात घातला. "घड्याळ सरकारी आहे, ऊन खरं आहे," असा निवाडा तबलजींनी दिला आणि भीमपलासी ठरला. पण वाद्यांना आमचा समझोता मान्य नव्हता. थंडीने बासरी सुराला उतरली होती आणि कोरड्या हवेने तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, ताणली जाऊन तबला चढला होता. आम्ही दोघे एकाच स्वरावर भेटेपर्यंत हातोडी इतकी चालली की, पुढच्या रांगेतील मंडळींनी हाच कार्यक्रमाचा पहिला भाग समजून टाळ्या वाजवल्या.

आलापीत मी मंद्रातला पंचम धरला, म्हणजे धरायला गेलो. एरवी निवांत लांबवतो तो स्वर तेथे निम्म्यातच संपला. मी थांबलो, श्वास घेतला, गंधारापर्यंत आलो, पुन्हा थांबलो. गतीत, म्हणजे तबला साथीला येतो त्या भागात, शिरताच तबलजींना डोळ्यांनी खुणावले आणि त्यांनी, अत्यंत परोपकारी चेहऱ्याने, कायदे, रेले, चक्रदार, जे जे येत होते ते सारे वाजवून घेतले. मी मांडीवर बासरी ठेवून रसिकासारखी मान डोलवत प्राणवायू गोळा करीत राहिलो.

कार्यक्रमानंतर एक वयस्क नेपाळी व्यापारी मुद्दाम भेटायला आले. तबल्याचे दोन शब्दांत कौतुक करून ते माझ्याकडे वळले आणि हात जोडून हिंदीत म्हणाले की, बासरी पुष्कळ ऐकली, पण दोन स्वरांमध्ये इतकी खोल शांतता राखणारा वादक पाहिला नव्हता; ही साधना कोठे केलीत?

मी उत्तरासाठी श्वास घेत होतो, तेवढ्यात तबलजी बोलून गेले, "त्यासाठी बारा हजार फूट वर यावं लागतं, साहेब."