मला क्रोम नको, टायर द्या!

साईड स्टेप, म्हणजे दाराखालची पायरी! जी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद जाणारी, गाडी निवडताना पोटाखाली जागा किती हेच आधी बघितलं, तिच्याच पोटाला दोन्ही बाजूंनी लोखंडी फळ्या लोंबकळवायच्या आणि पैसे माझ्याकडून घ्यायचे? आज शोरूममध्ये फायनल कोटेशन हातात पडलं आणि टाळकंच सटकलं. त्यात एक ओळ, ‘एसेन्शियल किट’. आत काय? साईड स्टेप, क्रोमच्या पट्ट्या, डोअर व्हायझर, सीट कव्हर, मागे चकचकीत गार्ड. ४० हजारांच्या वर! म्हटलं, यातलं एकही नको. तर तो पोरगा म्हणतो, "सर, सगळ्या गाड्यांना बसूनच येतं, काढता येत नाही." बसूनच येतं म्हणजे कुठून? यांच्याच यार्डात यांचाच माणूस ड्रिल घेऊन बसवतो! मॅनेजरला बोलावलं, तर तो आणखी गोड. "सर, लूक येतो ना गाडीला."

मला लूक नकोय हो! मला नाशिकहून पेठ गावाच्या पुढे, भातखाचरांच्या कडेने, भर पावसात, चढावरच्या चिखलातून घरापर्यंत पोचायचंय. त्या वाटेवर दगड वर आला की पहिली ती फळी टेकणार आणि वाकणार. त्याच पैशात चार चांगले ऑल टेरेन, म्हणजे चिखला-दगडांतही पकड ठेवणारे, टायर येतात. पण टायरचं नाव काढलं की, "ते बाहेरून बघा सर, मग वॉरंटीचं आम्ही सांगू शकत नाही." म्हणजे यांनी पत्र्याला भोकं पाडली तर वॉरंटी शाबूत, आणि मी त्याच मापाचे, फक्त खोल नक्षीचे टायर टाकले तर ती धोक्यात. इन्शुरन्सचंही तेच. पॉलिसी कुठून घ्यायची ते गाडी घेणारा ठरवतो, तसा नियम आहे. बाहेरून घेतो म्हटल्यावर लगेच, "मग डिलिव्हरीला वेळ लागेल." ही सरळ धमकी आहे.

घरी यावं तर नातेवाईक टपलेले. महिंद्राची थार आपल्या नाशकातच बनते, त्यामुळे सातपूरच्या कारखान्यात कोणाचा तरी मेव्हणा कामाला असलेला प्रत्येक जण तज्ज्ञ. "अरे, टू व्हील ड्राइव्ह घे, दिसायला सेमच." दिसायला! २०२३ च्या जानेवारीत आलेल्या त्या रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या, थारमध्ये लो रेंजच नाही, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारे जादा गिअरच नाहीत. ओल्या उतारावर नुसत्या ब्रेकवर गाडी घसरते, लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये ती इंजिनच्या जोरावर मुंगीच्या पावलांनी उतरते. हे त्या काकांना मी किती वेळा सांगायचं? मारुतीची जिम्नी म्हटलं की हसतात, "ते खेळणं?" त्या खेळण्याच्या प्रत्येक व्हेरियंटला फोर बाय फोर आहे, लो रेंज आहे, ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे. थारचा २२६, तोही उत्तम. फोर्सच्या गुरखाला तर पुढे-मागे डिफरन्शियल लॉक (एक चाक नुसतं फिरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) आणि पाण्यातून जाताना इंजिनला वरून हवा देणारा कंपनीचाच स्नॉर्कल, पण ती माझ्या बजेटच्या पार बाहेर. त्यात सरकार आहेच. १० ते २० लाखांच्या गाडीला महाराष्ट्रात पेट्रोलवर १२ टक्के रोड टॅक्स, डिझेलवर १४. इतका कर भरून रस्ते कसले मिळतात ते पेठ रोडने जाणाऱ्याला विचारा.

मग उरलेल्या पैशात काय करायचं म्हणून अॅक्सेसरीजच्या दुकानात गेलो. साधी मागणी होती. इंजिनखाली दगडांपासून वाचवणारी स्किड प्लेट आणि अडकलेली गाडी ओढून काढायला चेसीला नीट बोल्ट केलेला रिकव्हरी हुक, कारण गाडी ट्रकवर बांधायच्या हुकाला दोर लावून ओढली की तो तुटून गोळीसारखा सुटतो, माणूस मरतो त्यात. दुकानात यातलं काहीच नाही! छताचा लाईट बार आहे, निळे-जांभळे दिवे आहेत, रणगाड्याला शोभेल असा बंपर आहे. हेच लाईट बार कसारा घाटात समोरून डोळ्यांत मारतात. धुक्यात, पावसात, लहान पोरं गाडीत असताना. त्या प्रत्येकाला थांबवून खाली उतरवावंसं वाटतं.

आणि बंपर? असले पुढचे लोखंडी बंपर, म्हणजे बुल बार, लावणं बेकायदेशीर आहे असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलंय. त्याने एअरबॅगच्या सेन्सरचा घोळ होतो, धडकेत समोरचा पादचारी चिरडतो. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत. कायद्यात एकेका बदलाला ५ हजार दंड, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दुकानदाराला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "नाशकात कोण पकडतंय साहेब? कॉलेज रोडला बघा, सगळ्यांना आहे." सगळ्यांना आहे! पकडलं तर पावती मालकाच्या नावाने फाटणार, आणि हा तोवर पुढच्या गिऱ्हाइकाला तोच बंपर दाखवत बसणार.