बोलोन्याची संध्याकाळ आणि तुमची कमेंट: जरा सविस्तर उत्तर

नमस्कार, कमेंटबद्दल मनापासून आभार. पोस्ट शेवटपर्यंत वाचून तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्यामुळे दोन ओळी टाकून मोकळं होणं मला पटेना. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. इटलीतल्या बोलोन्यात संध्याकाळची गाईडेड वॉकिंग टूर घेणं म्हणजे पैसे पाण्यात, त्या वेळी चर्च आणि म्युझियम बंद, अंधारात दिसत काही नाही, गाईड दंतकथा सांगून वेळ काढतात, खरी माहिती मोबाईलवर फुकट मिळते, आणि फ्लोरेन्स, व्हेनिस जवळ असताना बोलोन्यात ट्रेन बदलावी आणि पुढे जावं. शिवाय वयस्कर माणसांना दोन तासांची पायपीट.

आधी अंधाराचं बोलू. जून-जुलैत तिथे सूर्य नऊच्या आसपास मावळतो. सातला निघालं की पहिला तासभर छान तिरकं ऊन असतं, विटांचा लाल-केशरी रंग त्या उन्हात जसा दिसतो तसा भर दुपारी दिसत नाही, आणि दुपारी बोलोन्यात उकाडाही जबरदस्त असतो. दिवे लागतात तेव्हा टूर संपत आलेली असते.

चर्च आणि म्युझियम बंद असतात हे मात्र अगदी खरं. सान पेत्रोनिओ या मोठ्या चर्चमधली खगोलशास्त्रज्ञ कासिनीची १६५५ सालची मध्यान्हरेषा, म्हणजे फरशीवर आखलेली ती रेघ जिच्यावर छतातल्या भोकातून सूर्याचा ठिपका पडतो, ती दुपारीच बघायला हवी, तिला पर्याय नाही. आर्किजिन्नासिओ या विद्यापीठाच्या जुन्या इमारतीतलं, शरीररचना शिकवायचं लाकडी सभागृहसुद्धा दिवसाच. ते १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं आणि नंतर ढिगाऱ्यातले तुकडे वेचून परत उभं केलं. त्यासाठी सकाळ ठेवा. पण ज्या गोष्टीसाठी बोलोन्याला जायचं ती तिकीट काढून आत जाऊन बघायची गोष्टच नाहीये, ती रस्त्यावर आहे, आणि संध्याकाळी ती सगळ्यात जास्त वापरात असते. मी पोर्टिकोंबद्दल बोलतेय, म्हणजे रस्त्याच्या कडेने इमारतींच्या खालून जाणारे ते कमानींचे लांबच लांब ओटे. सगळ्या शहरातले मिळून जवळपास ६२ किलोमीटर भरतात, २०२१ साली युनेस्कोच्या यादीत गेले.

हे आकडे मोबाईलवर मिळतात, मान्य. पण आमच्या गाईडने आम्हाला एका कमानीखाली थांबवून विचारलं, की ही जागा कोणाच्या मालकीची? सगळे म्हणाले नगरपालिकेची. तर नाही, वरच्या घरमालकाची! मध्ययुगात विद्यापीठामुळे (१०८८ चं मानतात, युरोपातलं सगळ्यात जुनं) गाव माणसांनी भरून गेलं, राहायला जागा पुरेना, मग लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली लाकडी खांब दिले. रस्त्यावरचं अतिक्रमणच होतं ते. बोलोन्याने ते पाडलं नाही, उलट १२८८ मध्ये नियमच केला की नवीन घर बांधायचं तर पोर्टिको हवाच, घोड्यावर बसलेला माणूस खालून जाईल एवढा उंच हवा, म्हणजे साधारण २.६६ मीटर, आणि जागा मालकाची असली तरी जायचा-यायचा हक्क सगळ्यांचा. आपल्या वाड्याची ओसरी मालकाने वाटसरूंसाठी कायमची मोकळी सोडावी आणि गावभर तसंच असावं, असं काहीसं. सातशे वर्षांहून जास्त काळ ही पद्धत चालू आहे. मला हे फार थोर वाटतं, आणि संध्याकाळी सातनंतर तिथे चालताना ते आपोआप कळतं, कारण सगळं गाव त्या कमानींखाली उतरलेलं असतं. कॉलेजची पोरं खांबाला टेकून गप्पा मारत बसलेली, आज्या पिशव्या घेऊन घरी निघालेल्या, कोणी ग्लास हातात घेऊन दारात उभं, आणि या सगळ्यांमधून सायकल हातात धरून जाणारे लोक. सकाळी दहाला हे दिसत नाही हो.

आता दंतकथांचं. स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावर कासा इझोलानी नावाचं तेराव्या शतकातलं घर आहे. बाकी बहुतेक लाकडी खांब १५६८ च्या हुकुमानंतर जाऊन विटांचे किंवा दगडाचे झाले, इथले ओकचे राहिले. जवळजवळ नऊ मीटर उंच, काळपट पडलेले, उभ्या चिरा गेलेले, आणि एवढ्या वर्षांनंतरही अख्ख्या मजल्याचा भार पेलताहेत. तिथे वर छताच्या लाकडात तीन बाण रुतलेत म्हणतात, तिघे तिरंदाज कोणाला तरी मारायला आले आणि खिडकीतली बाई बघून त्यांचा नेम चुकला अशी गोष्ट आहे. गाईडने ती सांगितली आणि लगेच हेही सांगितलं की ही गोष्ट आहे, इतिहास नव्हे. पण बाण शोधायच्या निमित्ताने आमचा अख्खा ग्रुप माना वर करून ते खांब, त्या तुळया, ते जोड बघत राहिला. नुसतं 'तेराव्या शतकातलं लाकूड बघा' म्हटलं असतं तर किती जणांनी पाहिलं असतं? इतिहास आणि गोष्ट यांच्यातली रेघ स्पष्ट ठेवत असेल तर गाईडने दंतकथा सांगाव्यातच असं माझं ठाम मत आहे.

व्होल्तोने देल पोदेस्ता, म्हणजे मुख्य चौकातली ती मोठी कमान, तिथेही तसंच. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की समोरच्या तिरक्या कोपऱ्यातल्या माणसाला नीट ऐकू येतं, आवाज घुमटाच्या वळणावरून सरकत जातो. आमच्या ग्रुपमधली एक आजी आणि तिची नात दोन कोपऱ्यांत उभ्या राहिल्या, नात काहीतरी बोलली आणि आजी भिंतीशीच मोठ्याने हसायला लागली, मधून लोक ये-जा करत होते त्यांना काही पत्ता नाही.

मोबाईलवर सगळं मिळतं याबद्दल एक उदाहरण देते. गावाच्या मधोमध शेजारी शेजारी दोन जुने मनोरे आहेत, त्यांपैकी आसिनेल्ली सुमारे ९७ मीटर, गारिसेन्दा ४८ च्या आसपास आणि चांगलाच कललेला. चौदाव्या शतकातच धोका ओळखून त्याचा वरचा भाग उतरवला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या हालचाली काळजी वाटण्यासारख्या झाल्या म्हणून खालचा परिसर बंद केला, आसिनेल्ली चढणंही थांबलं. ही माहिती वाचता येते. पण त्या कुंपणाजवळ उभं राहून त्या गावात राहणारी आमची गाईड सांगते की लहानपणापासून रोज ज्याच्या खालून गेलो तो वाचेल ना याची काळजी वाटते, तेव्हा मला तो मनोरा वेगळा दिसला. परवाना काढून, अभ्यास करून हे काम करणाऱ्या माणसाला त्याचे पैसे मिळायलाच हवेत.

आणि 'सुट्टीत युद्धाचं कशाला' असंही तुम्ही लिहिलंय, त्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. नेपच्यूनच्या कारंज्याशेजारच्या भिंतीवर फॅसिस्ट आणि नाझींशी लढताना गेलेल्या पार्टिझनांचे, म्हणजे भूमिगत लढवय्यांचे फोटो आहेत, दोन हजारांच्या वर. याच भिंतीपाशी पकडलेल्या लोकांना गोळ्या घालत, आणि २१ एप्रिल १९४५ ला शहर मुक्त झाल्यावर लोकांनी आपापल्या माणसांचे फोटो आणि फुलं तिथे आणून लावायला सुरुवात केली. विशीतली पोरं, केस नीट विंचरलेले, काही मुलीसुद्धा. त्या सुटकेच्या बाराच दिवस आधी, ९ एप्रिलला, बोलोन्याच्या पूर्वेला सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव लढत होते. दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून आणि गोळीबारातून त्यांनी पलीकडे सुरक्षित आणलं, मग हाताला गोळी लागलेली असताना मशीनगनची ठाणी उडवली आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना पुढे बोलावलं. नगर जिल्ह्यातला माणूस, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फोर्लीला, बोलोन्याहून ट्रेनने तासाभराच्या आत, भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि दहन केलेल्यांचं स्मारकही. हे माहीत असताना मी त्या भिंतीसमोरून गप्प पुढे जाऊ शकत नाही, आणि तुम्हीही जाऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

वयस्कर माणसांचा मुद्दा रास्त आहे. पोर्टिकोखालची फरशी बरीचशी सपाट असते, पाऊस आला तरी भिजायला होत नाही, पण बसायला जागा शोधावी लागते आणि चौकात दगडी रस्ता आहे. बुकिंग करतानाच 'थांबे किती, बसायला मिळेल का, वाटेत टॉयलेट आहे का' हे मेल करून विचारा, छोटा ग्रुप घ्या. टेकडीवरच्या सान लूका चर्चकडे जाणारा चढाचा पोर्टिको मात्र या टूरमध्ये नसतो, तो ३.८ किलोमीटरचा आहे, गुडघे दुखत असतील तर वर जायला चौकातून छोटी टुरिस्ट ट्रेन मिळते. तुमचे आईवडील येणार असतील तर महिना कळवा, त्यानुसार वेळ कोणती घ्यावी ते सांगते.