दोन फिल्सची वीज, पन्नास फिल्सचा खुबूस

"कुवेतात काय बाबा, सगळं फुकट!" असं गावाकडे कुणी म्हटलं की आधी विचारावं, कुणाला? तिथली लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास, त्यात कुवेती नागरिक साधारण पंधरा लाख. नुसते भारतीयच दहा लाखांच्या घरात.

विजेचंच घ्या. नागरिकांच्या घरांना १९६६ पासून २ फिल्स युनिट हा दर आहे, आणि १००० फिल्सचा एक दिनार. दीड टनाचा एसी तासाला सुमारे दीड युनिट खातो. दिवसाला वीस तास चालला तर महिन्याचे ९०० युनिट, म्हणजे १ दिनार ८०० फिल्स. दहा एसींच्या बंगल्याचं बिल १८ दिनार. भाड्याच्या फ्लॅटला मात्र २०१६ च्या कायद्याने ५ फिल्स लागले, म्हणजे त्याच एका एसीला साडेचार दिनार. बऱ्याच इमारतींत वीज भाड्यातच धरलेली असते, त्यामुळे बिल कुणाच्या नजरेलाच पडत नाही. खर्चाच्या मानाने दोन्ही दर नावापुरतेच. पण सरकारची ही मदत माणसामागे नाही, युनिटमागे आहे. ज्याच्याकडे दहा एसी, त्याला दसपट मदत. मला हे कल्याण वाटत नाही.

जून २०२४ मध्ये याची झळ बसली. पारा पन्नाशीकडे, आणि भागाभागाने लोडशेडिंग. वीजकेंद्रांतल्या संचांची देखभाल हिवाळ्यात उरकावी लागते. ती रखडली की ऐन उन्हाळ्यात संच बंद आणि मागणी शिगेला. त्या उन्हाळ्यात या तेलवाल्या देशाने शेजारच्या आखाती देशांच्या सामायिक ग्रिडमधून ५०० मेगावॅट वीज विकत घेतली! पाण्याचंही तेच. नदी नाही, त्यामुळे बहुतेक पाणी समुद्राचं, आणि ते गोडं होतं याच वीजकेंद्रांना जोडलेल्या प्लांटमध्ये.

(पाण्यावरून आठवलं. नवीन जाणाऱ्यांनी मे महिन्यातच गीझर बंद करावा. गच्चीवरची टाकी तापते आणि गार पाण्याच्या नळाला हात भाजेल असं पाणी येतं. बंद गीझरमधलं पाणी एसीच्या घरात निवतं, म्हणून अंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा. सलग दोघांनी केली तर दुसऱ्याला पुन्हा कढतच मिळणार, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्यावेत.)

याउलट खुबूस, म्हणजे तिथली रोटी. सरकारी मालकीच्या पीठगिरणी कंपनीचं पाकीट ५० फिल्सला, वर्षानुवर्षं. बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, बताका (ओळखपत्र) दाखवावा लागत नाही. शेख असो की साइटवरचा हेल्पर, भाव एकच. शेखसाहेब खाऊन खाऊन किती खुबूस खाणार? त्यामुळे सरकारचा पैसा बरोबर गरिबाच्या ताटात जातो. कुवेतातली सगळ्यात न्याय्य सबसिडी हीच, असं माझं मत.

तमवीन म्हणजे तिथलं रेशन: तांदूळ, साखर, तेल, दूध पावडर. ते नागरिकांच्या कार्डावर, माणशी कोटा ठरलेला. हा माल देशाबाहेर न्यायला बंदी आहे. स्वस्तात मिळाली म्हणून सुट्टीवर येताना ती दूध पावडर बॅगेत भरू नका, कस्टमवाले काढून घेतात.

दवाखान्याचं गणित सगळ्यात टोचतं. डिसेंबर २०२२ मध्ये परदेशी माणसाला सरकारी दवाखान्यातल्या औषधांसाठी ५ दिनार आणि हॉस्पिटलच्या ओपीडीत १० दिनार लावले, अकाम्याबरोबर (राहण्याच्या परवान्याबरोबर) भरलेला विमा असूनही. खासगी कंपनीतला किमान पगार ७५ दिनार. म्हणजे एकदा ओपीडीची औषधं घेतली की चार दिवसांची मजुरी गेली. आणि तिकडे बंगल्यातले दहा एसी महिनाभर १८ दिनारात.

उपाय आपल्या महावितरणच्या बिलावरच छापलेला असतो: स्लॅब. शंभर युनिटपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पुढे चढता. कुवेतच्या उन्हात पहिला स्लॅब दोन-तीन हजार युनिटचा ठेवा, तो २ फिल्सलाच राहू द्या, त्यावर खरा खर्च लावा. २०१६ साली दर वाढवायला घेतले तेव्हा हे करता आलं असतं. पण संसदेने नागरिकांची घरं त्या कायद्यातून वगळूनच टाकली.