कागदावरची स्थळं

ज्या दोघांचं जुळावं की मोडावं यावरून आपण मध्यरात्रीपर्यंत घसा कोरडा करतो, ते दोघं मुळात अस्तित्वातच नाहीत, ही बातमी वादाच्या पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी देतोच. हा माणूस बहुधा पुस्तक न वाचलेला असतो आणि त्याला लवकर घरी जायचं असतं. त्याच्याकडे दुर्लक्ष करावं. नसलेल्या माणसांच्या लग्नात नाक खुपसणं ही वाचकांची जुनी खोड आहे, आणि ती लेखकांनाही मोडता आलेली नाही.

किती जुनी, तर १७४० साली सॅम्युएल रिचर्डसनने ‘पामेला’ लिहिली. मालक मोलकरणीच्या मागे लागतो, तिला कोंडून ठेवतो, ती बधत नाही, शेवटी तो तिच्याशी लग्न करतो. आणि हे तिच्या सद्गुणाचं बक्षीस आहे, असं खुद्द उपशीर्षकातच छापलेलं. वाचकांत उभी फूट पडली. एक पक्ष म्हणाला, वा, काय शील! दुसरा म्हणाला, पोरगी बेरकी आहे, पहिल्यापासून गळ टाकून बसलीय. पुढच्याच वर्षी टोपणनावाने ‘शमेला’ हे विडंबन निघालं. ते हेन्री फील्डिंगचं मानलं जातं आणि त्यात ती खरोखरच गळ टाकते. गंमत अशी की तपासणीला उभी राहिली ती मुलगी. कोंडून ठेवणारे साहेब मोकळे.

त्याच रिचर्डसनने १७४७-४८मध्ये ‘क्लॅरिसा’ काढली तेव्हा त्याचा पुरता छळ झाला. यातला लव्हलेस नायिकेला फसवून पळवतो, गुंगीचं औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो. कादंबरी भागाभागाने निघत होती, आणि लेखकाला पत्रं येत होती की याला सुधारा आणि दोघांचं लावून द्या. रिचर्डसन बधला नाही. उलट पुढच्या आवृत्तीत ‘बघा, हा किती नीच आहे’ असं सुचवणाऱ्या तळटीपा त्याने घातल्या. तळटीप वाचून कुणाचं प्रेम आटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता वाद पेटतो कसा ते पाहू. सुरुवात अगदी निरुपद्रवी असते. कुणीतरी म्हणतं, ‘मला ती जोडी आवडते.’ समोरच्याला ऐकू येतं, ‘मला ते वागणं मान्य आहे.’ इथे तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. आपल्या ओळखीत कुणी असं वागलं तर चालेल का? हे चालतं असं पुस्तक म्हणतंय का? आणि वाचताना मजा आली का? पहिला प्रश्न विचारायचा आणि उत्तर तिसऱ्याचं घ्यायचं, ही या वादाची नेहमीची रीत. ‘तो तिचा छळ करतो’ या वाक्यावर ‘पण दोघांचे संवाद काय आहेत!’ हे उत्तर नाही, तरी दोन तास तेच चालतं. मला विचाराल तर बोलायला बसण्याआधी प्रत्येकाने आपण कोणत्या क्रमांकाचा प्रश्न सोडवतोय ते सांगावं. निम्मी मंडळी तिथेच उठून जातील, कारण त्यांचं भांडणच नव्हतं.

पहिलं हत्यार नेहमी वय. वजाबाकी सगळ्यांना येते, म्हणून ते लोकप्रिय. पण वजा कशातून काय करायचं हे ठरलेलं नसतं. किमान तीन आकडे लिहून घ्यावेत: ओळख झाली तेव्हाचं वय, मनातलं बोलले तेव्हाचं वय, लग्नाच्या वेळचं वय. एक जण पहिल्या आकड्यावरून ओरडतो, दुसरा तिसऱ्यावरून शांतपणे समजावतो आणि दोघांनाही समोरचा ठार वेडा वाटतो. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’त नायिका एकवीस वर्षांची, मिस्टर नाइटली सदतीस-अडतीसचे. एकवीस वर्षांच्या मुलीला स्वतःची अक्कल असते, म्हणून बचावपक्ष निवांत. पण नाइटली पडले सज्जन, आणि सज्जन माणूस स्वतःविरुद्ध पुरावा देतो. तू जन्मलीस तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, हे तेच तिला ऐकवतात. लग्न ठरल्यावर तर गमतीत म्हणतात की तू तेरा वर्षांची होतीस तेव्हापासून माझं तुझ्यावर प्रेम आहे. एवढ्या एका वाक्याने बचावपक्षाची अख्खी संध्याकाळ वाया जाते.

रक्तपिपासूंच्या प्रेमकथांनी तर वजाबाकीच मोडीत काढली. २००५च्या ‘ट्वायलाइट’चा नायक एडवर्ड जन्मला १९०१ साली, देह मात्र सतराव्या वर्षी थांबलेला, नायिका खरोखरच सतरा वर्षांची. आता देहाचं वय धरायचं की जन्मतारखेचं? देह धरला तर वर्गमित्र. तारीख धरली तर पणजोबांच्या वयाचा माणूस पुन्हा शाळेत बसलाय, आणि इतक्या वर्षांत त्याला दुसरं काही सुचलेलं नाही. मला वयापेक्षा ही दुसरी गोष्ट जास्त धोक्याची वाटते. पुढे २००८मध्ये शेवटच्या भागात जेकब या लांडगा-तरुणाची जन्मगाठ नायिकेच्या नवजात मुलीशी बांधली गेली, आणि तोवर एडवर्ड की जेकब यावरून एकमेकांचं तोंड न बघणारे वाचक काही काळ एकाच बाजूला येऊन बसले.

वय संपलं की ‘त्या काळी हे चालायचं’ बाहेर येतं. हे वाक्य म्हणणाऱ्याचा आवाज आपोआप खालच्या पट्टीत जातो. ते तपासायची सोपी रीत आहे: त्याच पुस्तकात, त्याच काळातलं कुणी त्या नात्याला नाक मुरडतं का ते बघावं. मुरडत असेल तर ‘त्या काळी’ बाद. १८११च्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’त सतरा वर्षांची मारियन पस्तिशीतल्या कर्नल ब्रँडनबद्दल काय बोलते ते वाचा. हा तर माझा बाप शोभेल, असं तिचं म्हणणं. आणि तो फ्लॅनेलची बंडी घालण्याविषयी बोलला होता, म्हणजे संधिवात, पेटके आणि म्हातारपणाची सगळी दुखणी आलीच. हा आक्षेप आपला नाही, त्या काळच्या मुलीचा आहे. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न याच बंडीवाल्याशी होतं. ते प्रेम की तडजोड यावर दोनशे वर्षं एकमत नाही. माझं मत विचाराल तर लेखिकेने ते लग्न फार घाईत उरकलंय, आणि घाईत उरकलेल्या लग्नाबद्दल लोक बोलणारच.

खरं तर वय हा बरेचदा दिशाभूल करणारा मुद्दा असतो. आधी पाहावं, पगार कोण देतं. ‘जेन एअर’ (१८४७) घ्या. जेन अठराची, रॉचेस्टर चाळिशीच्या उंबऱ्यावर, आणि सगळे त्या वीस वर्षांवर तुटून पडतात. पण ती त्याच्या घरी वर्षाला ३० पौंडांवर शिकवणीला आहे, त्याच्याच छपराखाली राहते, आणि त्याची लग्नाची बायको त्याच घराच्या माळ्यावर कोंडलेली असताना तो हिला चर्चमध्ये उभी करतो. यात वय कुठे आलं? पंचविशीत असता तरी गुन्हा तोच. बचावपक्षाकडे मात्र इथे चांगला मुद्दा आहे आणि तो क्वचितच कुणी मांडतं. लेखिका हिशेब चुकता करते. जेनला काकाचे २०,००० पौंड मिळतात, ते ती चौघांत वाटते, तरी स्वतःचे ५,००० उरतात. रॉचेस्टरचं घर जळतं, दृष्टी जाते, एक हात जातो. ती परतते ती नोकर म्हणून नाही. हे ऐकून विरोधक जरा गप्प होतात, मग त्यांतला एखादा ‘वाइड सरगॅसो सी’ पुढे करतो. १९६६मध्ये जीन ऱ्हिसने माळ्यावरच्या बायकोची बाजू लिहिली. साक्षीदार ११९ वर्षांनी हजर. यानंतर रॉचेस्टरची वकिली करायला फार कोडगेपणा लागतो. तरी करणारे आहेतच.

कुणाच्या तोंडून ऐकतोय, हाही पाहण्याचा मुद्दा. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आळीपाळीने स्वतःची कैफियत मांडतात. त्यामुळे ज्याने शेवटचं ज्याचं प्रकरण वाचलंय तो त्याचा वकील होतो. देवयानी अहंकारी म्हणणाऱ्याला तिची प्रकरणं पुन्हा वाचायला लावावीत. तो नवऱ्यावर घसरतो. शर्मिष्ठेचं प्रेम निर्मळ म्हणणाऱ्याला विचारावं, राजकन्या असली तरी ती त्या घरात दासी म्हणून आलेली, तिला ‘नाही’ म्हणायची सोय कितपत होती? मग तो जरा थांबतो. ययातीचं समर्थन करायला कुणी पुढे आलंच, तर मुलाचं तारुण्य मागण्याच्या प्रसंगापर्यंत त्याला बोलू द्यावं. पुढचं काम खांडेकर करतात.

आणि आवृत्ती! दोन माणसं दोन वेगळ्या दुष्यंतांवरून भांडतात आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. महाभारतातल्या दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी तो भरसभेत शकुंतलेला ओळख देत नाही. आकाशवाणी झाल्यावर म्हणतो, मला ठाऊक होतंच, पण लोकांची खात्री पटायला हवी होती. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली आणि राजाला विस्मरणाच्या सबबीवर सोडवलं. इतका कसलेला बचाव पुढे फार थोड्या नायकांच्या वाट्याला आला. आजच्या कादंबऱ्यांत शापाची जागा दुःखी बालपणाने घेतली आहे. पहिल्या प्रकरणात नायक माणसाशी माणसासारखा वागत नाही, पंचविसाव्यात त्याचा बाप दारू पिऊन मारायचा हे कळतं, आणि वाचक मागची चोवीस प्रकरणं माफ करून बसतो. हॅरी पॉटरमधला स्नेप हे याचं सर्वांत मोठं प्रकरण. तिसऱ्या पुस्तकात नेव्हिल या मुलाला जगात सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, तर या मास्तरांची. सातव्यात (२००७) स्नेपचं हॅरीच्या आईवरचं, लिलीवरचं जन्मभराचं प्रेम एका प्रकरणात उघड होतं आणि अर्धे वाचक डोळे पुसतात. नेव्हिल तसाच उभा. ते प्रेम एकनिष्ठ की नकार न पचलेल्या माणसाचं, हा प्रश्न मांडायचा असेल तर पुढचे दोन तास मोकळे ठेवावेत.

पडदा तर सगळंच बिघडवतो. देखण्या नटाने भूमिका केली की दोन-तीन गुन्हे जागच्या जागी माफ. म्हणून ‘वदरिंग हाइट्स’चा नायक हीथक्लिफ याच्याबद्दल बोलणाऱ्याने नट विसरून पुस्तक उघडावं. इझाबेला या तरुणीला घेऊन पळून जाण्याच्या रात्री तो तिच्याच कुत्रीला रुमालाने टांगतो. (कुत्री वाचते, घरातली नोकर नेली डीन सोडवते, हे सांगणं आवश्यक आहे, कारण कुत्री मेली की वाचली यावरच अर्धा तास जातो.) पुढे तो स्वतःच तुच्छतेने म्हणतो की हिने मला प्रेमकथेचा नायक समजून घर सोडलं. १८४७पासून वाचक तेच करतायत, आणि नायकाने स्वतः तक्रार करूनही थांबत नाहीत.

पुराव्याबद्दल थोडं. पृष्ठक्रमांक सांगू नये, प्रकरण सांगावं. प्रत्येकाची प्रत वेगळी असते आणि ‘पान ११२’ शोधण्यात वादाची वाफ निघून जाते. नजरानजर हा पुरावा नाही. तो कुणाच्याही बाजूने फिरतो. ‘ती लाजली’ हाही नाही. जुन्या अनुवादांत माणसं तापाने, रागाने आणि सुपाच्या वाफेनेही लाल होतात.

लेखकाची साक्ष काढावी का? काढणारे काढतात, पण तिने निकाल लागत नाही. ‘लिटल विमेन’चा पहिला भाग १८६८मध्ये आला आणि नायिका जोचं शेजारच्या लॉरीशी लग्न लावा म्हणून मुलींची पत्रं आली. लेखिका लुइझा मे अल्कॉटने डायरीत लिहून ठेवलं की कुणाच्या समाधानासाठी मी ते करणार नाही, आणि दुसऱ्या भागात जोला वयाने बराच मोठा जर्मन प्राध्यापक मिळाला. लॉरीपक्ष आजही उपोषणाला बसल्यासारखा आहे. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकात तर दगाफटका घरातूनच झाला. लंडनच्या प्रयोगात नायक हिगिन्स झालेल्या हर्बर्ट बीरबोम ट्रीने शेवटी नायिका एलायझाकडे फुलं फेकायला सुरुवात केली, प्रेक्षक खूश. शॉ भडकला आणि १९१६मध्ये एलायझा तिच्यावर फिदा असलेल्या फ्रेडीशीच लग्न करते हे सांगणारा चांगला लांबलचक मजकूर त्याने पुस्तकाला जोडला. कुणी मानला नाही. २०१४मध्ये हॅरी पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंगने त्यातल्या रॉन आणि हर्मायनी यांची जोडी आपण स्वतःच्या मनाच्या हौसेपायी जमवली असं कबूल केलं, तेव्हा ज्यांना ही जोडी नकोच होती त्यांनी तो शेवटचा शब्द मानला, आणि बाकीच्यांनी लेखिकेला आपल्याच पुस्तकातलं कळत नाही असं ठरवलं. मी या बाबतीत दुसऱ्या गटाचा आहे. छापून झालं की लेखकाने रांगेत उभं राहून बोलावं.

वाद हाताबाहेर जातो तो एका ठरावीक वाक्यावर: ‘तुला हा आवडतो म्हणजे तूही तसाच.’ इथे पुस्तक मिटतं आणि दोन जिवंत माणसांचं भांडण सुरू होतं. हे वाक्य येतंय असं वाटलं की पाणी आणायला उठावं. परत येऊन एखाद्या अशा जोडीचं नाव काढावं जी दोन्ही पक्षांना सारखीच कंटाळवाणी वाटते. नायक नम्र, नायिका समजूतदार, दोघांचं वय जुळतं, घरच्यांची संमती. त्यांच्याबद्दल कुणाला काहीच बोलायचं नसतं, आणि मंडळी शांत होतात.

अगदीच हट्टी मंडळी असतील तर ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ द्यावी. नायक पिप आणि त्याची लाडकी एस्टेला कायमचे वेगळे होतात असा शेवट डिकन्सने आधी लिहिला होता. बुलवर-लिटन या कादंबरीकार मित्राच्या सांगण्यावरून १८६१मध्ये तो बदलून दोघांना पुन्हा भेटवलं, आणि शेवटचं वाक्य इतकं धूसर ठेवलं की जुळलं म्हणणाऱ्यालाही ते चालतं आणि नाही म्हणणाऱ्यालाही. पुढे त्या वाक्याचीही शब्दरचना बदलली. मूळ शेवट त्याच्या मृत्यूनंतर चरित्रातून बाहेर आला. आता कित्येक प्रतींत दोन्ही शेवट छापलेले असतात, आणि प्रत्येक जण आपल्याला हवा तोच वाचून प्रत पुढच्याकडे सरकवतो.