दोन एमएक्स लावले म्हणजे मेलची वाटणी होत नाही

नमस्कार. मी दिलेल्या मेलच्या मांडणीवरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे आणि मुद्देसूदही, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं डोमेन एकच आहे, पण मेलबॉक्स दोन ठिकाणी. विक्री आणि अकाउंट्सचे मेलबॉक्स गुगल वर्कस्पेसवर, म्हणजे गुगलच्या भाड्याच्या मेल सेवेवर. स्टोअर, पॅटर्न शॉप, ड्रॉइंग ऑफिस या सगळ्यांचे कारखान्यातल्या स्वतःच्या मेल सर्व्हरवर, म्हणजे पोस्टफिक्सवर. या दोघांत मेल फिरवायची जी मांडणी मी दिली, ती तुमच्या मते द्राविडी प्राणायाम आहे. डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणारी नोंद म्हणजे एमएक्स; गुगलच्या एमएक्सला १० आकडा द्या, आपल्याला २०. तिथे मेलबॉक्स नसला की मेल आपोआप इकडे येईल, असं तुम्ही म्हणता. शिवाय स्वतःचा सर्व्हर हवाच कशाला, हा प्रश्न. आणि वेबसाइटच्या चौकशी फॉर्मचे मेल गायब होतात, तो दोषही याच मांडणीचा.

एमएक्सपासून सुरू करतो, कारण हा गैरसमज चांगल्या जाणत्या लोकांतही दिसतो. तो आकडा फक्त आधी कुणाचं दार वाजवायचं ते सांगतो (लहान आकडा आधी). दुसऱ्या दाराकडे पाठवणारा सर्व्हर वळतो तो पहिलं दार उघडलंच नाही तर, किंवा ४ने सुरू होणारं, म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’ छापाचं उत्तर मिळालं तर. ‘असा मेलबॉक्स इथे नाही’ याचं उत्तर ५५० असतं, आणि ५ने सुरू होणारा नकार कायमचा. पोस्टमनने पाकिटावर ‘या पत्त्यावर कोणी राहत नाही’ असा शेरा मारला की पाकीट परत जातं, तो शेजारच्या वाड्यात चौकशी करत फिरत नाही. तुमच्या मांडणीत स्टोअरकीपरला बाहेरून आलेला मेल असाच परत जाणार.

त्याहून वाईट प्रकार उलट दिशेने होतो. गुगलकडे क्षणभर जोडणी जमली नाही की विक्रीवाल्यांचा मेल २० नंबरवर, म्हणजे कारखान्यात येणार, आणि तिथे त्यांचा मेलबॉक्स नाही म्हणून ५५० खाऊन परत. मग ‘कधी येतो, कधी येत नाही’ ही तक्रार, जिचा माग काढताना डोक्याला शॉट बसतो. स्पॅमवाले तर मुद्दाम मागच्या दाराने येतात, तिथे पहारा ढिला असतो हे त्यांना ठाऊक असतं.

‘आमच्याकडे चालतंय’ असं तुम्ही लिहिलंय. चालत असेलही. पण मग होस्टेड बाजूला (म्हणजे गुगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे) कोणीतरी अनोळखी पत्ते पुढे ढकलायचा नियम आधीच घालून ठेवला असणार. गुगलमध्ये राउटिंगचे नियम बघा. मायक्रोसॉफ्ट असेल तर डोमेन ‘इंटर्नल रिले’वर (अनोळखी पत्त्याचा मेल पुढच्या सर्व्हरकडे पाठवायची सोय) आहे का ते बघा. काम तो नियम करतोय, एमएक्सचा आकडा नव्हे.

म्हणून माझ्याकडे बाहेरच्या जगाला दिसणारा एमएक्स फक्त गुगलचा. कारखान्यातल्या पत्त्यांची यादी तिथल्या राउटिंगमध्ये (मेल कुठे वळवायचा त्या नियमांत). त्यांचा मेल कारखान्याच्या स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपी पत्त्यावर पोर्ट २५ला, म्हणजे मेलच्या दाराला, येतो आणि फायरवॉल तिथे फक्त गुगलला आत घेते. ‘जे ओळखीचं नाही ते सगळं पुढे पाठव’ असा एकच नियम लावणं सोपं होतं, पण मग गुगल स्पॅमवाल्यांनी मनाने रचलेले पत्तेसुद्धा स्वीकारणार, कारखाना नाकारणार आणि बाउन्स (मेल पोहोचला नाही अशी परतीची सूचना) जाणार भलत्याच निरपराध माणसाला.

आता कारखान्यातून विक्रीला जाणारा मेल. पोस्टफिक्सला डोमेन आपलंच वाटतं, त्यामुळे तो बाहेर बघतच नाही. विक्रीच्या प्रत्येक पत्त्याची ओळ ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये (कुठला मेल कुठे पाठवायचा त्या यादीत) घालून त्याला गुगलची वाट दाखवावी लागते. एवढं करूनही ‘युजर अननोन’ (असा वापरकर्ता नाही) हा नकार येतो, आणि बरेच जण इथेच हात टेकतात. कारण साधं आहे: तो पत्ता मेलबॉक्सच्या यादीतही असावा लागतो, नाहीतर पोस्टफिक्स दारातच ५५० देतो, ट्रान्सपोर्ट मॅपपर्यंत गाडी पोहोचतच नाही.

तुम्ही सुचवलेला ‘दोन्हीकडे कॅच-ऑल’ (अनोळखी पत्त्याचा मेलही घेऊन पलीकडे ढकलायचा नियम) मात्र कृपा करून कुणी लावू नका. ‘मला माहीत नाही, पलीकडे विचार’ म्हणायची मुभा एकाच बाजूला असते. दुसरीने ठाम नाही म्हणायलाच हवं. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायला लागले की नाव चुकलेला एक मेल चेंडूसारखा फिरतो. पोस्टफिक्स मूळ सेटिंगनुसार ‘रिसीव्ह्ड’च्या (प्रत्येक सर्व्हर मेलवर मारतो त्या शिक्क्याच्या) ५० ओळींनंतर तो तोडतो, पण तोवर लॉग भरलेला असतो.

एसपीएफबद्दल (डोमेनचा मेल कोणत्या आयपीवरून निघू शकतो ते सांगणारी नोंद) एवढंच: कारखान्याचा सर्व्हर गुगलकडून आलेल्या मेलवर एसपीएफ तपासत असेल तर ते बंद करा. पाठवणारं डोमेन ग्राहकाचं आणि आयपी गुगलचा, जुळणार कसं? ती तपासणी पुढच्या दारात, गुगलकडे, झालेली असते. बाहेर जाणारा मेलही गुगलच्या रिलेतूनच, म्हणजे गुगलमार्गेच, जातो. त्याचं कारण: फेब्रुवारी २०२४पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि नीट जुळणारं रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) मागतं, आणि ब्रॉडबँडवाल्याकडून ती नोंद, म्हणजे पीटीआर रेकॉर्ड, लावून घेणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्याला विचारा.

सर्व्हर हवाच कशाला? दहा जणांचं ऑफिस असेल तर नको, मी स्वतःही हा खटाटोप करणार नाही. पण इथे शॉप फ्लोअरवरची बरीच माणसं दिवसाला दोन-चार मेल पाहतात आणि भाडं दर मेलबॉक्समागे दर महिन्याला लागतं. ड्रॉइंगच्या फायली जीमेलच्या २५ एमबीत मावत नाहीत. इथे त्या लॅनवरच (कारखान्यातल्या नेटवर्कवरच) फिरतात. (पोस्टफिक्सची मूळ मर्यादा जेमतेम १० एमबी आहे, ती वाढवा.) बॅकअप आणि वीज आपल्या गळ्यात पडते हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

राहिला फॉर्म. तो मेल आमच्या दोन्ही सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. वेबसाइट ज्या शेअर्ड होस्टिंगवर आहे, त्या मशीनला वाटतं डोमेनचा मेल आपल्याकडेच आहे, म्हणून ते एमएक्स न बघता मेल जागच्या जागी टाकून मोकळं होतं. सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या नियंत्रण पानावर) ‘ईमेल राउटिंग’ उघडा, ‘लोकल’ असेल तर ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ करा. फॉर्मच्या ‘फ्रॉम’मध्ये ग्राहकाचा पत्ता घालू नका, नाहीतर मेल डीमार्कमध्ये (‘फ्रॉम’मधलं डोमेन खरंच पाठवणाऱ्याचं आहे का या तपासणीत) अडकेल, तो ‘रिप्लाय-टू’मध्ये घाला. आणि आजवर गायब झालेल्या चौकशा त्याच होस्टिंगच्या डिफॉल्ट मेलबॉक्समध्ये पडून असण्याची दाट शक्यता आहे. होस्टिंगचं खातं कधी बंद करणार असाल तर त्याआधी तिथे वेबमेलने एकदा डोकावा.