मिशीबद्दल बोलू या

नमस्कार. रागावून का होईना, सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं असं, की 'लॉर्ड एजवेअर डाइज' (१९३४) या चित्रपटातल्या पॉयरोला, म्हणजे अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या त्या बुटक्या, मिशाळ गुप्तहेराला, मिशीच नाही, त्याचं काम करणारा ऑस्टिन ट्रेव्हर चांगला ताडमाड उंच आहे, आणि मी माझ्या लेखात 'बजेट कमी होतं' म्हणत सगळ्यावर पांघरूण घातलं.

पांघरूण घातलं, कबूल. खोट्या मिशीला असे किती पैसे पडणार होते? ट्रेव्हरनं स्वतःच पुढे सांगितलंय, की फ्रेंच धाटणीचं बोलता येतं म्हणून आपल्याला घेतलं असावं. बोलपट नवे होते, कानाला डोळ्यांपेक्षा जास्त मान होता.

पण बजेटचा विषय मी उगीच काढला नव्हता. १९२७ च्या कायद्यानं ब्रिटनमधल्या वितरकांवर आणि थिएटरवाल्यांवर ठरावीक टक्के ब्रिटिश चित्रपटांची सक्ती आली. अमेरिकी कंपन्या कोटा भरायला स्वस्तातले चित्रपट उचलायच्या, भाव साधारण फुटाला एक पौंड. कापड मोजावं तसा सिनेमा! ट्विकनहॅममध्ये ज्युलियस हेगनचा स्टुडिओ त्यासाठी दिवसरात्र दोन पाळ्यांत चालायचा. ख्रिस्तीबाईंची कादंबरी १९३३ ची, तिथला हा चित्रपट पुढच्याच वर्षी तयार.

माझी खरी तक्रार मात्र पॉयरोचा मित्र हेस्टिंग्ज याच्याबद्दल आहे, आणि ती मूळ लेखात लिहायची राहून गेली. कादंबरीत सगळं त्याच्या तोंडून कळतं. कार्लोटा अ‍ॅडम्स ही नकलाकार लेडी एजवेअरची हुबेहूब नक्कल करते, हे सुरुवातीलाच समजतं. मग लॉर्ड एजवेअरच्या खुनाच्या रात्री लेडी एजवेअर नवऱ्याच्या घरीही दिसते आणि लंडनमधल्या चिझिकच्या मेजवानीतही. कागदावर 'दिसली' एवढा एक शब्द पुरतो. कोणाला, कितपत उजेडात, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही, कारण भाबड्या हेस्टिंग्जलाही ते सुचत नाही. पडद्यावर चेहऱ्याचं काहीतरी करावंच लागतं. दाखवला तर बिंग फुटतं, लपवला तर प्रेक्षक सावध होतो. रिचर्ड कूपरचा हेस्टिंग्ज तिथे निवेदक नाहीच, नुसता सोबती. हे दुखणं पैसे ओतूनही बरं झालं नसतं.

(उत्तर फोडलेलं नाही, कादंबरी न वाचलेल्यांनी घाबरू नये.)

ट्रेव्हरचे आधीचे दोन पॉयरोपट, 'अलिबाय' आणि 'ब्लॅक कॉफी' (दोन्ही १९३१), आज पाहायलाच मिळत नाहीत. तुम्हाला मिशी हवीच असेल, तर १९६५ चा 'द अल्फाबेट मर्डर्स' बघा. त्यातल्या पॉयरोला मिशी आहे. ट्रेव्हरही आहे, एका छोट्या भूमिकेत.