तरतूद म्हणजे खर्च नव्हे

नागपूरचं हिवाळी अधिवेशन जवळ आलं की एक मेसेज फिरू लागतो: 'दरवर्षीच्या बजेटचे आकडे शेजारी मांडा, सरकारनं कशावर किती खर्च केला ते कळतं. पुरवणी मागण्या म्हणजे तेवढा जादा खर्च. आणि ९५ टक्के खर्च झाला म्हणजे कामं झाली.' यातलं एकही विधान टिकत नाही.

बजेटचा आकडा म्हणजे खर्च?
एकाच वर्षाचे तीन आकडे असतात: अर्थसंकल्पीय अंदाज (वर्षाच्या सुरुवातीची तरतूद), सुधारित अंदाज (वर्षादरम्यान बदललेला) आणि प्रत्यक्ष रक्कम. केंद्राच्या मनरेगाचं २०२०-२१ घ्या. तरतूद ६१,५०० कोटी, सुधारित अंदाज १,११,५०० कोटी, प्रत्यक्ष खर्च सुमारे १,११,१७० कोटी. पुढच्या वर्षाची तरतूद ७३,००० कोटी. तरतुदीशी तरतूद ताडली तर १९ टक्के वाढ दिसते, प्रत्यक्ष खर्चाशी ताडली तर ३४ टक्के घट. २०२१-२२ मध्येही खर्च शेवटी ९८,००० कोटींच्या पुढे गेलाच. म्हणून मालिका लावताना प्रत्येक वर्षाची प्रत्यक्ष रक्कम दोन वर्षांनंतरच्या अर्थसंकल्पातून उचला: २०२०-२१ ची २०२२-२३ च्या पुस्तकात सापडते. महागाई वजा करायला विसरू नका.

पुरवणी मागणी म्हणजे जादा खर्च?
ती वर्ष सुरू असताना मूळ बजेटव्यतिरिक्त विधिमंडळाकडे मागितलेली खर्चाची परवानगी असते. काही मागण्या नाममात्र असतात, काहींचा पैसा दुसरीकडच्या बचतीतून येतो. म्हणून स्थूल रकमेऐवजी निव्वळ भार बघा. मूळ तरतूदच संपलेली नसताना पुरवणी घेतल्याचे प्रकार विनियोजन लेख्यांत (मंजूर रक्कम आणि झालेला खर्च यांच्या वार्षिक हिशेबात) उघड होतात.

९५ टक्के खर्च, म्हणजे काम झालं?
सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. कोषागारातून पैसा निघाला की खर्च नोंदला जातो. ३१ मार्चला तो पैसा स्वीय प्रपंजी लेखा खात्यात (अधिकाऱ्याच्या नावे असलेल्या, नंतर खर्च करता येणाऱ्या सरकारी ठेव खात्यात) वळवला, तरी हिशेबात खर्चच दिसतो. संक्षिप्त देयकावर (तपशील न देता आगाऊ रक्कम काढायच्या बिलावर) उचललेल्या रकमेचंही तसंच. तपशीलवार देयक नंतर यायचं असतं, ते रखडतं.

शिवाय ९५ टक्के कशाचे? जिल्हा वार्षिक योजनेच्या तक्त्यात मंजूर नियतव्यय (वर्षासाठी ठरवून दिलेली रक्कम), प्राप्त निधी, वितरित निधी आणि खर्च असे वेगळे रकाने असतात. समजा मंजूर १०० कोटी, प्राप्त ६० आणि खर्च ५७. प्राप्त निधीवर टक्केवारी काढली तर ९५, मंजूर रकमेवर काढली तर ५७.